फिचच्या आगबोटीच्या जागा : शोधकामाची वही

शनिवार, १३ एप्रिल २०२४

ही फाइल आजपासून सुरू. आधीचं सगळं फोनच्या नोट्समध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये आणि एका किराणा पावतीच्या मागं पडलंय, ते जमेल तसं इकडे आणीन.

विषय काय ते लिहून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी मलाच कळायचं नाही. ऑफिसला जाताना गेली अकरा वर्षं मी पेनसिल्व्हेनियातल्या वॉर्मिन्स्टरमध्ये स्ट्रीट रोड आणि यॉर्क रोडच्या सिग्नलला थांबते. (स्ट्रीट रोड, म्हणजे रस्ता रस्ता. नाव ठेवणारा जेवून आला असणार.) तिथं बक्स काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीचा १९०२ सालचा एक दगड आहे, त्यावर म्हटलंय की जॉन फिचला पहिल्या आगबोटीची कल्पना इथं सुचली. आता इथं म्हणजे नक्की कुठं? सिग्नलच्या खांबापाशी? चालता चालता सुचलेली कल्पना एका दगडाखाली कशी मावते? अकरा वर्षं हा प्रश्न हिरवा दिवा लागेपर्यंत पडायचा आणि दिवा लागला की जायचा. आता आण्णा सहा महिन्यांसाठी गुहागरहून आलेत, त्यांना दिवसभर घरात करमत नाही, आणि ते रिटायर्ड भूकरमापक. तर म्हटलं होऊन जाऊ दे.

फिच कोण, तर जन्म १७४३, कनेटिकटमधलं विंडसर. घड्याळं करणाऱ्यांकडे उमेदवारी केली पण धड शिकवलं कुणी नाही, बायकोशी पटेना म्हणून घर सोडलं, ट्रेंटनला पितळेचं-चांदीचं काम केलं, स्वातंत्र्ययुद्धात बंदुका दुरुस्त केल्या, इंग्रजांची फौज आल्यावर दुकान गेलं, मग केंटकी आणि ओहायोकडं जमिनी मोजायला गेला, १७८२ मध्ये तिथल्या टोळीच्या हाती सापडला, त्यांनी इंग्रजांच्या ताब्यात दिला, कॅनडात कैद भोगून सुटला आणि परत या बक्स काउंटीत आला. हे सगळं आगबोटीच्या आधी! आणि १७९० च्या उन्हाळ्यात या माणसानं फिलाडेल्फिया ते ट्रेंटन तिकीट घेऊन माणसं नेणारी आगबोट चालवली. फुल्टनची बोट न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर निघाली ती १७ ऑगस्ट १८०७ ला. आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र आगबोटीचा जनक म्हणून फुल्टनच होता.

रविवार, १४ एप्रिल

जागांना दर्जा द्यायचा ठरलं. अ म्हणजे जागा कागदानं आणि जमिनीनं दोन्हीनं पटते. ब म्हणजे कागद आहे पण जमीन बदललीय. क म्हणजे ऐकीव. आण्णा म्हणाले ड पण ठेव, वादातली. ठेवला.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन प्रोजेक्ट केला, खाली सॅटेलाइट, वर १८७६ चा जे. डी. स्कॉटचा बक्स काउंटी अ‍ॅटलास स्कॅन करून बसवला. त्या अ‍ॅटलासात प्रत्येक घराशेजारी मालकाचं नाव छापलंय. आण्णा चष्मा वर करून दहा मिनिटं नुसते बघत राहिले. "हा तर सातबारा नकाशावरच लिहून ठेवलान."

शनिवार, २० एप्रिल

चालून बघितलं.

फिचनं स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात प्रसंग असा, १७८५ चा एप्रिल, नेशॅमिनीच्या चर्चमधून तो जेम्स ओगिल्बी नावाच्या शेजाऱ्याबरोबर पायी घरी चालला होता, संधिवातानं गुडघे धरलेले, लंगडत, आणि शेजारून एक गृहस्थ बायकोला घेऊन घोडागाडीतून निघून गेला. फिचच्या मनात आलं की घोडा न पोसता अशी गाडी वाफेवर चालली तर? म्हणजे आधी सुचली ती वाफेची गाडी. बोट नव्हेच. आठवडाभर डोकं खाल्ल्यावर त्याला कळलं की त्या काळच्या रस्त्यांवर असली गाडी टिकायची नाही, मग तो पाण्याकडं वळला. तेव्हा दगडावर जे 'इथं' आहे तिथं फार तर मोटारगाडीची कल्पना सुचली असं म्हणावं लागेल, आणि त्या चौकात आज दिवसाला जेवढ्या गाड्या जातात ते बघता ते एका अर्थी खरं ठरलंय.

चर्च अजून उभं आहे, हार्ट्सव्हिलमध्ये, दगडी बांधकाम १७४३ चं, फिचच्या जन्माच्याच सालातलं. तिथून यॉर्क रोडनं दक्षिणेला स्ट्रीट रोडपर्यंत तीन मैलांच्या आतबाहेर. आण्णांचे गुडघे पण फिचसारखेच, त्यामुळं आम्ही निम्मं चाललो आणि निम्मं गाडीनं. फूटपाथ मधेच संपतो, मग गवत, मग कार वॉश, मग टायरचं दुकान. आण्णांचं मत असं पडलं की लंगडत्या माणसाला चढावर दम लागतो आणि दम लागला की माणूस थांबतो आणि थांबला की शेजारून जाणाऱ्या गाडीकडं बघतो, तेव्हा जागा शोधायची तर आधी चढ शोध. हे शास्त्र म्हणून कितपत टिकेल माहीत नाही, पण लिडारचा, म्हणजे विमानातून लेझरनं मोजलेल्या जमिनीचा, उतार नकाशा काढून ठेवला.

त्या चर्चचे पाद्री नॅथॅनिएल अर्विन. फिचला वाफेचं इंजिन म्हणजे आपलाच शोध वाटत होता, तो कौतुकानं सांगायला गेला तर अर्विननी पुस्तकातलं इंजिनचं चित्र काढून दाखवलं, हे तर कधीचंच आहे. फिच जाम खट्टू झाला. तरी पुढं आपल्या आठवणी त्यानं याच अर्विनना उद्देशून लिहिल्या. मला हा माणूस इथं आवडायला लागला.

चर्च : अ. रस्ता : अ. सुचल्याची जागा : क. त्या रस्त्यावर एक बिंदू टाकण्यापेक्षा तीन मैलांची रेघच काढली.

रविवार, २८ एप्रिल

काल रात्री जागरण, पण कामाचं.

डेव्हिसव्हिलच्या बाजूच्या शेतांच्या जुन्या खरेदीखतांच्या प्रती डॉयल्सटाउनहून, काउंटीच्या मुख्य गावाहून, मिळवल्या. फिचनं पहिलं छोटं मॉडेल जोसेफ लॉन्गस्ट्रेथच्या तळ्यात सोडून बघितलं, डेव्हिसव्हिलजवळ, साउथॅम्प्टन टाउनशिप, १७८५ चा उन्हाळा. मला ते तळं हवंय. खतांमध्ये हद्दी अशा लिहिलेल्या असतात, अमक्या ओकच्या झाडापासून उत्तर इतके अंश पूर्व, इतके पर्च, तिथं दगड, तिथून शेजाऱ्याच्या जमिनीच्या कडेनं पुढं. आण्णा खूश. "चतुःसीमा गो, दुसरं काय! आमच्याकडं आंबा, यांच्याकडं ओक."

मी पर्चचं फुटात रूपांतर करायला कॅल्क्युलेटर उघडला, साडेसोळा फुटांचा एक पर्च. आण्णा म्हणाले, दोन पर्च म्हणजे किती? तेहतीस. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. आपली गुंठ्याची साखळी तेहतीस फुटी. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इकडचा एकर १६० चौरस पर्चचा, चार चौरस पर्च म्हणजे बरोब्बर एक गुंठा. दोन्हीचं मूळ एकच, सहासष्ट फुटांची गंटर साखळी, इंग्रज जिथं जिथं गेला तिथं ती बरोबर घेऊन गेला. आयुष्यभर रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोंगरांवर आण्णांनी जी साखळी ओढली तिच्या अर्ध्या मापात पेनसिल्व्हेनियातली शेतं लिहिलेली. त्यानंतर मी कॅल्क्युलेटरला हात लावला नाही, ते तोंडीच गुंठे-एकर सांगत गेले आणि मी टाइप करत गेले.

एक घोळ झाला तो पण लिहून ठेवते. शेताची आकृती काढली आणि रस्त्यांवर बसवली तर सगळी तिरकी, तव्यावर कुणी घावन फिरवून ठेवावं तशी. मला वाटलं माझं टायपिंग चुकलं, दोनदा तपासलं. कारण सुई! अठराव्या शतकाच्या शेवटी या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या दोन-तीन अंश पश्चिमेला असायची, आज बाराच्या आसपास असते. मी शहाणपणा करून आजचा फरक वजा केला होता. नऊ-दहा अंशांची चूक म्हणजे हजार फुटांवर पावणेदोनशे फूट, तेवढ्यात तळं शेजारच्याच्या अंगणात जातं. जुना फरक घातल्यावर शेताची एक बाजू स्ट्रीट रोडला चिकटली. तो रस्ता सरळसोट आखलेला असल्यानं पडताळ्याला बरा पडतो.

मंगळवार, ७ मे

काम नाही. आज रत्नागिरीत मतदान, आण्णांचं पहिल्यांदाच चुकलं, सकाळपासून कुणाकुणाला फोन करून किती टक्के झालं ते विचारतायत. माझ्याशी बोलत नाहीयेत कारण तिकीट मी काढलं होतं.

शनिवार, ११ मे

आज हसं झालं, आणि चूक शंभर टक्के माझी.

लिडारमध्ये डेव्हिसव्हिलजवळ एक इतका सुंदर खळगा दिसला होता, अंडाकृती, एका बाजूला बांध, बांधाला तोंड. (पेनसिल्व्हेनियाचा लिडार डेटा पासडा या राज्याच्या नकाशा-माहितीच्या साइटवर फुकट मिळतो, ज्याला हौस असेल त्यानं जरूर उतरवून घ्यावा.) मी आठवडाभर त्या खळग्याला लॉन्गस्ट्रेथचं तळं म्हणत होते, नकाशात निळा रंगसुद्धा भरला. आज गेलो. एका कॉलनीच्या मागं, कापलेलं गवत, मधे दोन बदकं. मी फोटो काढतेय तोवर आण्णा बांधाच्या तोंडापाशी जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी हाक मारली. "बाय, तुझ्या फिचनं सिमेंटचा पाइप घातलान काय रे याला?"

पावसाचं पाणी अडवायचा खड्डा. कॉलनी बांधताना बिल्डरला खणावाच लागतो तो.

घरी येऊन पेन पायलट नावाच्या साइटवरचे जुने हवाई फोटो काढले, १९३७ ते ४२ च्या दरम्यान सगळ्या राज्यावरून विमानं फिरवून काढलेत. त्या जागी सपाट शेत, नांगराच्या रेघा, खळग्याचा पत्ताच नाही. हे आधी बघायचं, गाडीत पेट्रोल घालायच्या आधी. लिडार आजची जमीन दाखवतो, हे मला माहीत असून मी विसरले कारण मला ते तळं हवं होतं. निळा रंग पुसला.

पण जुन्या फोटोत दुसरं काहीतरी दिसलं. तिथून थोडं खाली, पेनीपॅक क्रीकला मिळणाऱ्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला एक काळपट पट्टा, ओल धरलेल्या जमिनीसारखा, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला पऱ्याला आडवी झाडांची ओळ. ती जमीन आज खाजगी आहे. मालकांना चिठ्ठी टाकली, पेटीत, नीट, फोन नंबर लिहून.

शनिवार, २५ मे

क्रेव्हन हॉल, वॉर्मिन्स्टर. तिथल्या आवारात फिचचं छोटं म्युझियम आहे, ठराविक दिवशीच उघडं असतं. साठ फुटी बोटीचं सहा फुटी चालतं मॉडेल बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की या बोटीला चाक नव्हतंच. १७८७ च्या बोटीला दोन्ही बाजूंना सहा-सहा उभी वल्ही, वर दांड्यांच्या चौकटीला टांगलेली, सहा पाण्यात जातात तेव्हा सहा बाहेर येतात, बारा अदृश्य नावाडी वल्हवतायत असं वाटतं. आण्णा म्हणाले ही तर होडीच, माणसं तेवढी काढून टाकलीन. खरंय. नवीन शोध लावणारा माणूससुद्धा आधी जुनंच डोळ्यासमोर ठेवतो. पुढं १७८८ ला त्यानं वल्ही मागं नेली, बदकाच्या पायासारखी ढकलणारी, आणि जुलैत फिलाडेल्फियाहून वीस मैल वर बर्लिंग्टनपर्यंत बोट नेली.

इंजिन बनवलं कुणी? फिच आणि हेन्री व्हॉइट, हा व्हॉइट जर्मन वंशाचा घड्याळजी, पुढं अमेरिकेच्या टांकसाळीत मुख्य नाणेकार झाला. दोघांनी चालतं मोठं इंजिन धड बघितलेलं नाही, इंग्लंडहून वॅटचं इंजिन मिळण्यासारखं नाही, लोहाराकडून सिलिंडर ओतून घ्यायचा, चुकला की परत. १७८७ ला बारा इंचांचा, १७९० ला अठरा इंचांचा. बॉयलरसाठी व्हॉइटनं भट्टीतून वळणं घेत जाणारी नळी काढली, म्हणजे विटांचा आणि पाण्याचा भलामोठा भार बोटीत वाहायला नको. पैसे शेअर विकून उभे केलेले, दर हिवाळ्यात पैसे संपायचे आणि फिच भागधारकांच्या दारात. भागधारक बिचारे, त्यांची पण कीव येते.

अजून एक गोष्ट त्याच गावची. आगबोट सुचली त्याच सालात फिचनं अमेरिकेच्या वायव्य भागाचा नकाशा काढला, स्वतःच्या मोजणीवरून आणि छापील नकाशांवरून, तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरला, आणि वॉर्मिन्स्टरमधल्या कोब स्काउट नावाच्या मित्राच्या दुकानात सफरचंदाचा रस काढायच्या दाबयंत्रावर छापला. तो नकाशा विकून बोटीसाठी पैसे जमवत हिंडला. आण्णांनी मला हे तीनदा सांगायला लावलं. मोजणारा, काढणारा, कोरणारा, छापणारा आणि विकणारा एकच. "आमच्या हापिसात याला पाच टेबलं आणि सहा महिने."

शनिवार, ८ जून

फिलाडेल्फिया. आजचा दिवस लांब लिहिणार आहे.

आधी धक्का. १७९० च्या जूनमध्ये पेपरात जाहिरात आली होती की आगबोट पॅसेंजर घ्यायला तयार आहे, आर्च स्ट्रीटच्या फेरीबोटींच्या धक्क्यापासून सुटेल, बर्लिंग्टन, ब्रिस्टल, बॉर्डनटाउन, ट्रेंटन. तर आर्च स्ट्रीटच्या टोकाला जाऊन उभं राहिलो. पुढं डेलावेअर नदी दिसायला पाहिजे ना, तर पुढं आय-९५, खंदकातून धावणारा हायवे, पलीकडं कोलंबस बुलेव्हार्ड आणि मग कुठं तरी पाणी. नदी मागं हटलेली नाही, शहर पुढं सरकलंय. स्टीफन जिरार्ड नावाचा अतिश्रीमंत सावकार १८३१ ला वारला, त्यानं मृत्युपत्रात शहराला पाच लाख डॉलर ठेवले ते नदीकाठचा रस्ता नीट रुंद करण्यासाठी, आणि पुढं भराव पडत गेले. त्यामुळं फिचचा धक्का आजच्या धक्क्यावर शोधायचाच नाही, तो हायवेच्या आसपास जमिनीखाली. पाटी नदीकाठी लावायची हौस असते लोकांना, कारण तिथं बाक असतो आणि गाडी लावता येते. दोन महिन्यांत माझा एवढा तर अभ्यास झालाय की पाटी म्हणजे घटना घडली ती जागा नव्हे, पाटी म्हणजे जिथं सरकारला खड्डा खणायची परवानगी होती ती जागा.

जुना काठ कुठं होता ते मात्र पायाला कळतं. फ्रंट स्ट्रीट उंचावर आहे, वुड स्ट्रीटला अजून जुन्या दगडी पायऱ्या शिल्लक आहेत, फ्रंट स्ट्रीटवरून खाली पाण्याच्या बाजूला उतरणाऱ्या. आण्णा त्या पायऱ्या उतरले, परत चढले, म्हणाले हा उंचवटा म्हणजे मूळ किनारा, ह्याच्या खालचं सगळं माणसानं घातलेलं. एल्फ्रेथ्स अ‍ॅली ही जुनी गल्ली तिथून जवळच, तिथली घरं फिचच्या वेळची उभी आहेत, पर्यटक दारांचे फोटो काढत होते.

आता खरी मजा. १७९० ला बोटीचा वेग सगळ्यांसमोर मोजायचा ठरला. वाहत्या नदीवर मैल मोजायचा कसा, पाण्यावर साखळी कशी ओढणार? तर त्यांनी मैल फ्रंट स्ट्रीटवर जमिनीवर मोजला, दोन्ही टोकांपासून काटकोनात रेघ नदीकडं नेली आणि काठावर दोन्हीकडं निशाणं लावली. भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात बोट एका निशाणावरून दुसऱ्या निशाणापर्यंत, हातात घड्याळ. ताशी आठ मैल निघाले.

मी हे फुटपाथवर उभी राहून फोनवरून वाचून दाखवलं आणि आण्णांनी माझ्या हातातला फोनच घेतला. शंकू साखळी! साखळीनं सरळ रेघ मोजायची आणि शंकूनं, म्हणजे त्या चार खाचांच्या लाकडी ठोकळ्यानं, काटकोन काढून बाजूचा बिंदू पकडायचा, चाळीस वर्षं हेच केलं म्हणाले, खाडीपलीकडचं माप सुद्धा असंच काढायचो. त्यांना तिथल्या तिथं काटकोन काढून दाखवायचा होता. मग आम्ही साउथ स्ट्रीटपासून कॅलोहिलपर्यंत, साधारण मैल होतो, फ्रंट स्ट्रीटनं चालत गेलो, गुडघे विसरून. फिचच्या मैलाची टोकं हीच असं माझं म्हणणं नाही, हा आमचा मैल. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आण्णा दोन्ही हात आडवे पसरायचे, डोळे मिटायचे, हात समोर जोडायचे आणि डोळे उघडून बोटांच्या रेघेत नदीकडं बघायचे. (मोजणी खात्यातला जुना जुगाड, काटकोन पाच अंशांच्या आत येतो म्हणतात.) एका बाईनं विचारलं हा योगाचा प्रकार आहे का. मी हो म्हणून टाकलं.

ताशी आठ मैल, आणि त्या उन्हाळ्यात बोट दोन-तीन हजार मैल चालली. तरी धंदा बुडाला. कारण कळायला फार अक्कल लागत नाही, डेलावेअरच्या दोन्ही तीरांना बरे रस्ते होते, घोड्यांच्या बग्ग्या होत्या, लोकांना आधीच सोय होती. फुल्टनला हडसन मिळाली, जिथं न्यूयॉर्क ते ऑल्बनी रस्त्यानं हाल आणि शिडाच्या होडीला वाऱ्याची वाट. यंत्र चांगलं असून नदी चुकली.

येताना आण्णा त्यांच्या आईची गोष्ट सांगत होते, मुंबईहून दाभोळला आगबोटीनं यायची, आगबोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून उतारू काठावर आणायचे, पावसाळ्यात सगळं बंद. त्यांनी विचारलं आपल्याकडं आगबोट आली कधी. मुंबई गोदीतली ह्यू लिंडसे आठवली, वाडियांनी बांधलेली, २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझला निघाली, कोळसा मावेना म्हणून पॅसेंजरच्या खोल्यांतसुद्धा भरलेला. म्हणजे फिचच्या फेऱ्यांनंतर चाळीस वर्षांनी.

धक्का : ब. मैल : ब, फ्रंट स्ट्रीट अ.

रविवार, १६ जून

न्यूयॉर्कला भाच्याकडे गेलो होतो म्हणून कलेक्ट पाँड पार्क करून आलो. मॅनहॅटनमध्ये कोर्टांच्या इमारतींत अडकलेलं छोटं मैदान. इथं मोठं तळं होतं, शहराचं पिण्याचं पाणी, पुढं चामडं कमावणाऱ्यांनी नासवलं, १८११ च्या सुमारास बुजवून टाकलं.

गोष्ट अशी की १७९६ ला फिचनं इथं मळसूत्राच्या पंख्यावर छोटी बोट फिरवली. सांगणारा जॉन हचिंग्ज, म्हणे मी पोरगा होतो आणि सुकाणू माझ्या हातात होतं. पण त्यानं हे छापलं १८४६ ला, पन्नास वर्षांनी, आणि वर म्हणतो बोटीत फुल्टनही बसला होता. १७९६ ला फुल्टन इंग्लंडात! साक्षीदारानं एक गोष्ट ठसठशीत खोटी सांगितली की बाकीच्याचं काय करायचं? आण्णांचं उत्तर तयार, त्यांनी हद्दीच्या वादात शेकडो जबाब लिहून घेतलेत. म्हणाले म्हातारा माणूस घटना खोटी सांगत नाही, माणसं वाढवून सांगतो, मोठी माणसं. मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. ड.

शनिवार, २९ जून

केंटकी. मी गेले नाही, सातशे मैल. लुईव्हिलच्या मैत्रिणीनं बार्ड्सटाउनला जाऊन फोटो पाठवले. कोर्टासमोरच्या चौकात फिचचं स्मारक, १९२७ ला केंद्र सरकारनं उभारलेलं, शेजारी छोटी बोट. त्याचे अवशेष तेव्हा तुरुंगामागच्या जुन्या दफनभूमीतून काढून इथं आणले.

शेवट वाईट आहे, पटकन लिहिते. २६ ऑगस्ट १७९१ ला त्याला पेटंट मिळालं पण त्याच दिवशी आगबोटीवर दावा सांगणाऱ्या जेम्स रम्सीला पण मिळालं, म्हणजे एकाच शेताचे दोन सातबारे. फ्रान्सला गेला, तिथं क्रांती पेटलेली, काही झालं नाही. केंटकीत आपण मोजलेल्या जमिनी आहेत म्हणून तिकडं परतला तर जमिनींवर दुसरेच लोक घरं बांधून राहिलेले. आण्णा इथं बराच वेळ गप्प होते. मोजणी करणाऱ्याच्याच जमिनीवर वहिवाट दुसऱ्याची. कोर्टकचेऱ्या केल्या, मग तिथल्या खाणावळवाल्याशी करार, दीडशे एकर जमीन तुझी, मला मरेपर्यंत जेवण आणि रोज एक पाइंट व्हिस्की. तेवढ्यानं लवकर मरण येईना म्हणून अजून दीडशे एकर आणि रोज दोन पाइंट. १७९८ च्या उन्हाळ्यात झोपेसाठी दिलेल्या अफूच्या गोळ्या साठवून एकदम घेतल्या.

बार्ड्सटाउन आज बर्बन व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे. मैत्रिणीनं फोटोबरोबर बाटलीचा पण फोटो पाठवला, तिला गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितली नाही.

कबर : अ. खाणावळ : नोंद नाही केली.

शनिवार, २७ जुलै

डेव्हिसव्हिलच्या मालकांचा फोन आला!! अडीच महिन्यांनी. चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवलेली होती म्हणे. म्हातारं जोडपं, या म्हणाले, गोचिडांपासून जपा.

पऱ्या आहे, आता ढोपरभर पाणी. जुन्या फोटोतल्या झाडांच्या ओळीच्या जागी खरंच मातीचा उंचवटा आहे, पऱ्याला आडवा, मधे पऱ्यानं फोडलेला, दोन्हीकडची टोकं शिल्लक. आण्णांनी काठीनं टोचून बघितलं, आत दगड. "गडगा पुरलेला आहे." आमच्याकडं कोकणात जांभ्याचे गडगे, इथं करड्या दगडाचे. टेपनं मापं घेतली, उंचवट्याची लांबी, रुंदी, पऱ्यापासून दोन्ही टोकांची अंतरं, आणि खतातल्या दगडाच्या खुणेपासून किती येतं ते आण्णांनी पर्चमध्येच लिहिलं. आकृतीवर बसवलं तर शेताच्या आत पडतं. कडेला नाही, आत.

मला लगेच अ लिहायचा होता. आण्णा नको म्हणाले. या पट्ट्यात त्या काळी पऱ्यावर गिरणीचे बांध ठिकठिकाणी घालायचे, हा बांध जुना आहे एवढंच जमीन सांगते, त्यात फिचची हातभर बोट फिरली हे जमीन कसं सांगणार? आणि सिमेंटच्या पाइपची आठवण करून दिली. मी ब म्हटलं. ते म्हणाले ब पण मालकाचं नाव सलग जुळल्यावर. लॉन्गस्ट्रेथ ते आजचे मालक, मधे किती फेरफार झालेत त्याची साखळी काढ, एक कडी तुटली तर क.

मालकीणबाईंनी लिंबू सरबत दिलं. त्या इथं चौपन्न वर्षं राहतायत, फिचचं नाव त्यांनी फक्त सिग्नलच्या दगडावर वाचलं होतं.

रविवार, १८ ऑगस्ट

आण्णांचं परतीचं विमान शनिवारी. ७ सप्टेंबरला गणपती, त्याच्या आधी घर सारवून रंगवून व्हायला हवं, इथल्या सहा महिन्यांचे पाचच झाले तरी त्यांना चालेल.

फेरफाराची साखळी १८२० च्या दशकापर्यंत मागं गेली, मधे एका वारसवाटपात अडकलीय. एका भावाचं नाव एका खतात आहे, पुढच्यात नाही. डॉयल्सटाउनला मर्सर म्युझियमच्या लायब्ररीत मृत्युपत्रांच्या नोंदी बघायला परत जावं लागेल, सप्टेंबरमध्ये सुट्टी टाकून.

आज आण्णांनी त्यांचं टिपण माझ्याकडं दिलं. ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीनं, पऱ्या, बांधाची दोन टोकं, खताचा दगड, चारी बाजूंना लगतदारांची नावं देवनागरीत, उत्तरेचा बाण दोन, एक आजच्या सुईचा आणि एक १७८५ चा. मापं पर्चमध्ये, कंसात गुंठा साखळ्या. खाली सही, तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात : हद्द कायम झालेली नाही. अर्जदारानं वारसाची कागदपत्रं हजर करावीत.

अर्जदार म्हणजे मी. स्कॅन करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकलं, दर्जा क.